डाव्या बाजूची काच



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज पिकअपच्या आरशाबद्दल लिहिणार आहे. हसाल तुम्ही. साठी उलटलेली बाई, जिला स्कूटीसुद्धा धड येत नाही, ती गाडीच्या आरशावर काय बोलणार! पण आपल्यापैकी बहुतेकींच्या दारात एखादी पिकअप नाहीतर छोटा हत्ती उभा असतोच. तिचा हप्ता, डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, सगळ्याची नोंद घरातली कुठली तरी बाईच करत असते. लग्न होऊन धडगावला आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. मी १९८३ ची बी.कॉम. सासऱ्यांनी पदवी ऐकली आणि पंधरा दिवसांत खतावणी माझ्या हातात दिली. त्यामुळे गाडी मला चालवता येत नसली तरी तिच्यावर झालेला प्रत्येक रुपया माझ्या पेनाखालून गेलेला आहे. आजची गोष्टही अशाच एका नोंदीची आहे.

‘डावा आरसा, काच बदलली – १२० रु.’

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांचं दूध उतू जातंय त्यांनी एवढंच वाचून उठावं. पिकअपच्या डाव्या आरशाची कंपनीची फुगीर काच फुटली, तर तिच्या जागी फ्रेमवाल्याकडून सपाट काच कापून बसवू नका. घरातल्या पुरुषांना बसवू देऊ नका. आणि बसवलीच तर त्या बिलावर तुम्ही तरी सही करू नका. मी केली होती.

आमच्याकडे हंगाम आमचुराचा. धडगावच्या बाहेर राहणाऱ्यांना सांगते, सातपुड्याच्या या डोंगरात पाड्यापाड्यावर आंब्याची झाडं आहेत. चैत्र-वैशाखात घरातले सगळे जण कैऱ्या सोलतात, फोडी करतात, उन्हात वाळवतात आणि त्या वाळलेल्या फोडी पाटीतून, गोणीतून बाजारात विकायला आणतात. आपण तिथीच्या दिवशी लिंबाऐवजी भाजीत टाकतो तो आमचूर इथून निघतो. त्या दोन महिन्यांत आमच्या गोदामासमोर पाय ठेवायला जागा नसते. पिकअप भरून म्हसावदमार्गे शहाद्याला जाते, रिकामी येते, पुन्हा भरते.

अशाच एका फेरीत घाटात समोरून आलेली जीप अंगाला घासून गेली आणि डाव्या आरशाची काच तडकली. चौकट शाबूत, काच गेली. शहाद्याच्या दुकानात विचारलं तर नुसती काच मिळत नाही, अख्खा आरसा घ्यावा लागेल आणि तोही दोन दिवसांनी येईल. इथे माल भरून तयार. मग ड्रायव्हरनंच तोडगा काढला. तसबिरींना काच लावून देणाऱ्याकडे गेला, त्यानं जुन्या काचेच्या तुकड्यावरून कागदाचा माप कापला, घरगुती आरशाच्या काचेवर हिरकणी फिरवली आणि वीस मिनिटांत चिकटवून दिली. १२० रुपये. मी नोंद केली, आणि मनातल्या मनात ड्रायव्हरला शाबासकीसुद्धा दिली की पोरानं साडेसहाशे रुपये वाचवले.

ड्रायव्हर तर खूशच. मला म्हणाला, “भाभी, कंपनीच्या काचेत मागची गाडी बारीक दिसते. लांब आहे वाटतं आणि बघतो तर बाजूला येऊन हॉर्न मारते. ह्याच्यात जेवढी गाडी तेवढी दिसते.” आमचे हे म्हणाले, “बरोबर आहे. आरसा म्हणजे जसं आहे तसं दाखवणारा. फुगवून दाखवतो तो कसला आरसा!” मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू.

तीन आठवडे काही झालं नाही. मग बाजाराच्या दिवशी दुपारी गाडी गोदामाला लावायची म्हणून ड्रायव्हर मागं घेत होता. मी ओट्यावर वही घेऊन बसले होते. एक बाई आपली पाटी खाली ठेवून गाडीच्या डाव्या मागच्या चाकाशी सावलीत बसली होती. तिचंही बरोबर होतं; वैशाखातल्या ऊन्हात तेवढीच सावली होती तिथे. ड्रायव्हरनं डाव्या आरशात बघितलं. त्यानं बघितलं, हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून त्याला दोष देत नाही. त्याला मोकळा रस्ता दिसला. गाडी हलली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, आमच्या यांच्या म्हणण्याप्रमाणे नुसतंच ‘अगं अगं अगं’. हमालानं हौद्यावर थाप मारली. बाईनं हात ओढून घेतला, आणि चाक तिच्या पाटीवरून गेलं. फोडी मातीत चिरडल्या गेल्या.

तिला काही लागलं नाही. पाटीचे पैसे दिले, मालाचे दिले, चहा दिला. ती काही बोलली नाही, भांडली नाही. चहा संपवून पुन्हा खाली बसली आणि ज्या फोडी चिरडल्या नव्हत्या त्या मातीतून वेचायला लागली. पैसे तर मिळाले होते तिला. तरी वेचत होती. मी म्हटलं, राहू दे बाई. तिनं ऐकलं नाही. एकेक फोड पदरानं पुसून ओच्यात टाकत होती. त्या रात्री प्रतिक्रमण करताना माझ्या डोळ्यापुढून ते हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला म्हटलं, तू सीटवर बस, मी त्या जागी बसते. मोढा घेऊन बसले मागच्या चाकाशी. “दिसते का रे?” “नाही, भाभी.” थोडी बाहेर सरकले. “आता?” “नाही.” उभी राहिले तेव्हा म्हणाला, “डोकं दिसतंय.” मग उजव्या बाजूला तशीच जाऊन बसले. उजवा आरसा कंपनीचाच होता. “आता दिसते का?” “दिसते ना भाभी, पूर्ण दिसते, हातातली वहीपण दिसते.”

त्याच दिवशी अख्खा आरसा मागवला. तो आल्यावर जुना काढण्याआधी मी आणखी एक उद्योग केला, त्याबद्दल घरात अजून माझी थट्टा होते. गोदामासमोर फक्कीनं दोन आडव्या रेघा मारल्या, एक आरशापासून दहा फूट मागं आणि एक तेहतीस फुटांवर. तेहतीसच का, तर तिथं भिंत आली. नातवाला पिवळी बादली दिली आणि रेघेवरून बाजूला सरकत जायला सांगितलं. ड्रायव्हरला बादली दिसेनाशी झाली की खूण करायची. आधी सपाट काचेत, मग नव्या फुगीर काचेत. दहा फुटांवर, म्हणजे साधारण ती बाई बसली होती तिथं, सपाट काचेत जेमतेम दीड फुटाची पट्टी दिसत होती, आणि त्यातही थोडी जागा गाडीच्याच अंगानं खाल्लेली. फुगीर काचेत चार फूट. तेहतीस फुटांवर सपाट काचेत चार फूट, फुगीर काचेत बारा.

चारास बारा. म्हणजे रुपयातले तेहतीस पैसे हातात घेऊन आम्ही तीन आठवडे गाडी चालवत होतो.

असं का, हे मला नातवाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून पुन्हा शिकावं लागलं. त्यात प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा आहे. पण पुस्तकापेक्षा खिडकीवरून मला लवकर समजलं. सपाट आरसा म्हणजे भिंतीतली खिडकी समजा. खिडकीला नाक लावून उभ्या राहिलात तर अख्खं अंगण दिसतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिलात तर त्याच खिडकीतून तुळशीएवढाच तुकडा दिसतो. खिडकी तीच, आपण लांब गेलो. आता आपल्या देशात स्टिअरिंग उजवीकडे. उजवा आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यापासून दोन-अडीच फुटांवर. डावा आरसा गाडीच्या पलीकडच्या टोकाला, साडेचार फुटांवर. आरशाची रुंदी अर्धा फूट धरा आणि शाळेतलं त्रैराशिक मांडा. साडेचार फुटाला अर्धा फूट, तर तेहतीस अधिक साडेचार म्हणजे साडेसदतीस फुटाला किती? चार फुटांहून थोडं जास्त. बादलीनं तेच सांगितलं होतं. अडीच फुटांनं मांडलं तर उत्तर सात फूट येतं. म्हणजे सपाट काच उजवीकडे जितकी कमी दाखवते त्याहून कितीतरी कमी ती डावीकडे दाखवते. आणि आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या कडेनं कोण चालतं? माणसं.

फुगीर काचेचं गणित वेगळं. स्टीलच्या डावाची पाठ डोळ्यासमोर धरा. त्यात तुम्ही दिसाल, मागची मांडणी दिसेल, खिडकी दिसेल, दारातून डोकावणारी सूनही दिसेल. सगळं मावतं, म्हणून सगळं लहान होतं. घाटातल्या वळणावर खांबाला गोल फुगीर आरसा लावतात तो याच कारणासाठी.

आता ड्रायव्हरची बाजू. ती खोटी नाही, आणि ती नीट मांडली नाही तर हे लिहिण्याला अर्थ नाही. फुगीर काचेत मागची गाडी खरंच लहान दिसते. डावीकडे तर निम्म्याहूनही लहान. लहान दिसलं की माणूस ते लांब आहे असं समजतो. म्हणूनच पुष्कळ आरशांवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. अमेरिकेत तर कायदाच असा आहे की ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट हवा, अंतर अचूक कळावं म्हणून. पलीकडच्या बाजूला मात्र तिथेही फुगीर चालतो आणि ती सूचना लिहावी लागते. युरोपात दोन्ही बाजूंना फुगीर चालतात. म्हणजे यात शहाण्या माणसांतही दोन मतं आहेत. पण मतं ड्रायव्हरकडच्या बाजूबद्दल आहेत, हे लक्षात घ्या. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला फोन करून मी त्याच्या गाडीचे दोन्ही आरसे बघायला लावले. आधी त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

म्हणून उजव्या आरशाबद्दल मी वाद घालत बसणार नाही. माझं मत कंपनीनं जे दिलं तेच ठेवावं असं आहे, पण एखादा जुना ड्रायव्हर म्हणाला की ओव्हरटेक करताना मला उजवीकडे सपाटच बरी पडते, तर त्याचं म्हणणं मला कळतं. कारमध्ये तरी मधल्या आरशात अंतर ताडता येतं. भरलेल्या पिकअपच्या मधल्या आरशात गोण्या आणि ताडपत्री सोडून काही दिसत नाही. बिचाऱ्याकडे बाहेरचे दोनच डोळे. पण डावीकडे अंतराचा प्रश्न मोठा नाही. डावीकडे प्रश्न एवढाच की तिथं कोणी आहे की नाही. तो लहान दिसला तरी चालेल. दिसला पाहिजे.

यावर आमच्या ड्रायव्हरनं मला आणखी एक उपाय सुचवला होता. सपाट काचेच्या कोपऱ्यात बसवायची ती छोटी गोल फुगीर टिकली मिळते, तीस-चाळीस रुपयांना. ती लावू, दोन्ही कामं होतील. लावून बघितली. त्यात ती पिवळी बादली मोहरीएवढी दिसत होती, आणि गाडी सुरू होऊन काच थरथरली की मोहरीही जायची. नसल्यापेक्षा बरी. पण अख्ख्या फुगीर काचेची जागा ती घेऊ शकत नाही.

आणि काचेच्या जातीचाही प्रश्न आहेच. फ्रेमवाल्याची काच ही घरातल्या आरशाची काच. फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात. कडा कापलेल्या असतात, तिथून पावसाचं पाणी शिरून पाठीचा मुलामा काळा पडत जातो. आमच्या गल्लीत एका गाडीची अशी काच मी पाहिली, दोन पावसाळे खाल्लेली. चारी बाजूंनी काळी झालर आणि मध्ये तळहाताएवढी जागा उरलेली. त्या तळहातात तो ड्रायव्हर घाट बघतो.

आमचे रस्ते तुम्हाला माहीत नसतील तर थोडं सांगते. धडगावला रेल्वे नाही. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला, पण डोंगर तिथेच राहिला. वर यायचं तर कुठला ना कुठला घाट चढूनच यावं लागतं. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि मधल्या अरुंद डांबरावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बाया, शेळ्या, शाळेची पोरं, एका मोटारसायकलवर तिघं. पिकअपमध्ये माल असतो आणि पुष्कळदा मालाच्या वर माणसंही असतात. ते चूक आहे, कायद्यानं चूक आहे, पण बस येत नाही तिथं माणूस पिकअपला हात करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात दरीत गेली आणि कितीतरी घरांत दिवे लागले नाहीत. त्याचा आरशाशी मी काही संबंध जोडत नाही. फक्त एवढंच की आमच्याकडे पिकअप म्हणजे नुसती मालाची गाडी नव्हे. ती थांबली की हौद्यातून माणसं उतरतात, आणि उतरतात ती डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ. सपाट काचेत जी जागा दिसत नाही, बरोबर तीच.

आता आपल्या घरातलं बोलू.

आमचे हे म्हणाले, यात अनेकांतवाद आला की, दोन्ही आरसे आपापल्या जागी खरे. त्यांना असं काही सुचलं की दिवसभर खूश असतात. मी म्हटलं, तो आत्ता बाजूला ठेवा. मला दुसरंच टोचतंय. लहानपणी पाठशाळेत आपल्याला घोकून घेतलं होतं: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं. तिन्ही सारखंच बांधतं. गाडी मी चालवली नाही. काच मी कापली नाही. पण १२० रुपये पाहून मला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं माझ्या अक्षरात वहीत आहे. आपण बायका पाणी गाळतो, शेगडी पुंजतो, धान्य निवडताना किडा सापडला तर कागदावर घेऊन सावलीत सोडतो. घरातली जयणा आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि दारातली दीड-दोन टनांची गाडी मात्र ‘तो पुरुषांचा विषय’. मी चाळीस वर्षं हेच म्हणत आले. खर्च किती झाला विचारायचे. कशावर झाला, त्यानं कोणाचं काय होईल, हे विचारलं नाही.

साध्वीजींचा विहार तर तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यापुढे येईलच. उजाडताच त्या रस्त्याच्या कडेनं निघतात, पुढच्या चार हातांवर नजर ठेवून. नजर जमिनीवर, जीव पायाखाली येऊ नये म्हणून. मागून येणाऱ्या गाडीकडे त्यांचं लक्ष नसतं, ते लक्ष ठेवणं गाडीवाल्याचं काम आहे. विहारात झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, हळहळतो, संघ निवेदन देतो. निवेदन द्यावंच. पण त्या रस्त्यावर आपल्याही गाड्या धावतात. आणि कडेनं चालणारी मोळीवाली बाई वेगळी नाही.

घरात विरोध होईल तो पैशांचा. पुरुष म्हणतील, एका काचेपायी अख्खा आरसा? मी हिशोब मांडून दाखवला. नवा आरसा ७७० रुपये. सपाट काच १२०. फरक ६५०. बाईच्या पाटीचे आणि मालाचे आम्ही दिले त्याहून जास्त. यात हात, पाय, दवाखाना, पोलीस काहीच धरलेलं नाही. त्याचा कुठला भाव वहीत लिहायचा? मुलानं लगेच मान डोलावली. यांनी नाही. ते म्हणाले, “एवढी वर्षं सपाट काचेवर गाड्या चालल्या, कोणी मेलं नाही.” त्यांचा जुना ट्रक होता त्याला दोन्ही बाजूंना सपाट आरसे होते, हे खरं आहे. पण तेव्हा ट्रकला क्लीनर असायचा. डावीकडे लटकून ‘आन दे, आन दे’ ओरडणारा. डावा डोळा तो होता. आता क्लीनरचा पगार परवडत नाही म्हणून ड्रायव्हर एकटा जातो. हे मी म्हटलं तेव्हा ते गप्प झाले. पटलं की नाही कोण जाणे, पण आरसा आला.

तुमच्या गाडीला कुठली काच आहे हे ओळखायला कोणाला विचारायची गरज नाही. सकाळी गाडी उभी असताना डाव्या आरशासमोर जा. जवळून चेहरा बघा आणि हळूहळू मागं सरका. सपाट काचेत चेहरा घरातल्या आरशासारखाच दिसत राहील. फुगीर काचेत तो भराभर लहान होत जाईल आणि आजूबाजूचं बरंच काही आत येईल. दुसरी खूण म्हणजे कुठलीही सरळ वस्तू, विजेचा खांब, दाराची चौकट. फुगीर काचेत कडेला ती किंचित वाकलेली दिसते. कोपऱ्यात कंपनीचा छाप नसेल, कडा हातानं घासल्यासारख्या असतील तर फ्रेमवाल्याची समजा. आणि मग एकदा ड्रायव्हरला सीटवर बसवून स्वतः मागच्या चाकाशी जाऊन बसा. मोढा न्या बरोबर, गुडघे माझ्यासारखे असतील तर.

फुगीर काच बसवली म्हणून सगळं दिसतं असं मात्र नाही. अगदी गाडीला टेकून, मागच्या फळीशी कोणी बसलं तर कुठल्याच आरशात येत नाही. म्हणून आमच्या गोदामासमोर आता हमालानं मागं उभं राहून थाप मारल्याशिवाय गाडी मागं घ्यायची नाही असं ठरलं आहे. पहिले चार दिवस पाळलं, पाचव्या दिवशी विसरले, सहाव्या दिवशी मी ओट्यावरून ओरडले. आता पाळतात. मी ओट्यावर असते तेव्हा तरी.

ती बाई पुढच्या बाजाराला पुन्हा आली होती. पाटी नवी होती. या वेळी गाडीपासून लांब, समोरच्या भिंतीच्या कडेला बसली, उन्हात. मी तिला ओट्यावर बोलावलं तर मान हलवून नको म्हणाली. मग नातवानं छत्री नेऊन दिली.

आमच्या गल्लीतल्या आणखी दोन गाड्यांना डाव्या बाजूची फुगीर काच हवी आहे. शहाद्यात किंवा नंदुरबारला कोणाकडे जुन्या पिकअपचा डावा आरसा, काच शाबूत असलेला, अडगळीत पडला असेल तर जरूर कळवा. रद्दीत देऊ नका. जो भाव सांगाल तो देऊ, आणि नोंद मी स्वतः करीन.